तंग उतरला

त्या रायडिंग स्कूलच्या खोगीरखोलीत कोरडं असं काही नव्हतं. खोगिरं तेलकट, लगाम तेलकट, रिकिबींचे पट्टे तेलकट. शिवाय दाराची कडी, खुर्चीचा हात, भिंतीवरचं कॅलेंडर आणि ही खोली सांभाळणाऱ्या नानांच्या चष्म्याची काडी. दिव्याचं बटण दाबायला जावं तर बोट घसरून पंख्याचं लागायचं आणि उजेडाऐवजी वारा यायचा. हे सगळं नानांच्या प्रेमामुळे झालं होतं. नानांनी उभ्या आयुष्यात माणसांवर फारसं प्रेम केलं नाही. चामड्यावर मात्र केलं, आणि ते लपून राहू नये अशा बेतानं केलं.

चरबी, मेण आणि कुठलंसं तेल एकत्र कढवून ते स्वतः एक वंगण बनवत. ते काळं होतं, घट्ट होतं, आणि एकदा एखाद्या वस्तूशी त्याची सोयरीक जुळली की मोडत नसे. हातात धरलेला लगाम मासळीसारखा सुळकन निसटायचा. नाना याला मऊपणा म्हणत. त्यांच्या मते चामडं म्हणजे घरातलं मूल. भूक आहे की नाही हे विचारत बसायचं नाही, भरवत राहायचं.

पुढे नानांना मोतीबिंदू झाला. मग तर हात अधिकच सढळ झाला, कारण किती लावलं ते दिसेना. शेवटी शिकायला येणाऱ्या एका बाईंच्या पांढऱ्या विजारीवर, नको त्या जागी, खोगिराचा काळा नकाशा उमटला. बाई त्याच अवस्थेत बाजारातून फिरून घरी गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी हुकूम काढला की शाळेतलं झाडून सगळं चामडं धुऊन, तेल काढून, माणसात आणायचं. काम नानांना सांगायची कोणाची छाती नव्हती. म्हणून ते नानांच्या सुनेकडे आलं.

सुनेला तबेल्यात सगळे वहिनी म्हणत, अगदी मालकीणबाईसुद्धा. तिचा नवरा घोड्यांचा ट्रक चालवायचा, आणि घरात भांडणाचं चिन्ह दिसलं की त्याला हमखास लांबची फेरी लागायची. त्याची धाकटी बहीण, म्हणजे वहिनीची नणंद, याच शाळेत घोडेस्वारी शिकवायची. ती नानांची लाडकी होती. म्हणजे नाना तिला चामड्याखालोखाल मानत.

नणंद-भावजयीचं एकूण बरं होतं. बरं असलं की वहिनी तिला 'अगं' म्हणायची. बिनसलं की 'वन्सं' म्हणायची आणि एकदम 'तुम्ही'वर जायची. त्यामुळे घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दारालाही दुरून, नुसत्या हाकेवरून, आजचं हवामान कळायचं.

हुकूम आला त्या दिवशी हवामान बिघडलं. नणंद म्हणाली की माझ्या वडिलांच्या हातचं तेल म्हणजे तुम्हा सगळ्यांना डाग वाटायला लागला काय. वहिनी म्हणाली की डाग मला नाही वाटला, त्या बाईंच्या धोब्याला वाटला. शब्दानं शब्द वाढत गेला, आणि मोतद्दार पाण्याची बादली घेऊन समोरून जात असताना वहिनीच्या तोंडून निघून गेलं, "वन्सं, फार चढल्यात तुम्ही. एक दिवस तोंडघशी पडाल, तेव्हा कळेल."

मोतद्दाराची बादली थांबली. नणंद वळून निघून गेली. त्यानंतर दोघींचा अबोला सुरू झाला.

वहिनीनं तंगांपासून सुरुवात केली. खोगीर घोड्याच्या पाठीवर राहतं ते त्याच्या पोटाखालून आवळलेल्या एका पट्ट्याच्या जिवावर. त्या पट्ट्याला तंग म्हणतात. बसणारा लगामाकडे बघतो, रिकिबीकडे बघतो, काचेत स्वतःकडे बघतो. तंगाकडे कोणी बघत नाही, कारण तो पोटाखाली असतो. तो तुटला तर खोगीर फिरतं आणि खोगिराबरोबर माणूसही घोड्याच्या पोटाखाली जातो, जिथे चारही खुरं आधीपासून कामाला लागलेली असतात.

तिनं पहिला तंग मांडीवर घेतला, बक्कल सोडली आणि कोमट पाण्यातून पिळून काढलेल्या फडक्यानं पुसायला घेतलं. फडकं काळं झालं. दुसरं घेतलं, तेही काळं झालं. बोथट लाकडी पट्टीनं तिनं शिवणीच्या कडेचा चिकटा खरवडला. वंगण, धूळ, घोड्याचा घाम आणि केस यांचं मिळून तिथे खिडकीच्या काचा बसवतात त्या लांबीसारखं काहीतरी बसलं होतं. मग ओल्या स्पंजवर साबण, फेस येऊ न देता, गोल गोल, टाक्यांमधून जुना टूथब्रश, पुन्हा फडकं. पाणी जास्त झालं तर चामडं फुगतं, उन्हात ठेवलं तर कडक होतं, शेगडीजवळ ठेवलं तर तडकतं. म्हणजे थोडक्यात चामड्याचे नखरे नानांसारखेच होते. पंख्याखाली सावलीत वाळवायचं, आणि मग आतल्या खरखरीत बाजूनं बोटाच्या टोकावर घेतलेलं पातळ मलम, दिसेल न दिसेल इतकं.

तेल गेलं आणि चामडं दिसलं, तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली. वरून काळंभोर, तुकतुकीत वाटणारा पट्टा आतून सुकलेल्या तळ्यासारखा भेगाळलेला होता. भेगांमध्ये मेण जाऊन बसलं होतं, त्यामुळे त्या इतकी वर्षं कुणाला दिसल्याच नव्हत्या. बक्कलजवळचा दोरा तेल पिऊन पिऊन शेवयांसारखा झाला होता. तिनं खोलीभर नजर फिरवली. खुंट्यांवर ओळीनं सगळं टांगलेलं होतं, सगळं सारखंच चमकत होतं, आणि त्या चमकण्याखाली काय आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

पुढचे दोन तंगही धुतल्यावर कमीजास्त तसेच निघाले, आणि कुठलं चामडं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं, हे तिला ठरवता येईना. म्हणून धुतलेले तंग घेऊन ती नानांकडे गेली.

नाना रुसलेले होते. चामड्याला आंघोळ घालतात हे मी या वयात ऐकतोय, एवढं एकच वाक्य बोलून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. डोळे गेले असले तरी बोटं जागेवर होती. त्यांनी पट्टा बोटावर उलटा दुमडला, भोकांवरून अंगठा फिरवला, शिवण कानाजवळ नेऊन ताणली, क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, "उतरला."

वहिनीच्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. तिच्या माहेरी खाणावळ होती. तिचे वडील रोज सकाळी आदल्या दिवशीच्या प्रत्येक पातेल्याचं झाकण काढून हुंगत आणि याच आवाजात, याच तोऱ्यात, असाच एकेक शब्द टाकत. भाजीला वास लागला असला की "उतरली." मग ती फेकायची. चांगली असली की "राहिली." मग ती गरम करायची आणि आजची म्हणून वाढायची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासरी तिला माहेरचा शब्द पहिल्यांदाच भेटत होता. तिला इतकं भरून आलं की अर्थ विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. ओळखीच्या माणसाला कोणी ओळखपत्र विचारतं का?

दुसऱ्या तंगालाही नाना "उतरला" म्हणाले. तिसऱ्याला त्यांनी जास्त वेळ घेतला, पुन्हा दुमडला, पुन्हा ऐकला, आणि म्हणाले, "राहिला."

निदान एक तरी राहिला, असं म्हणून वहिनीला हायसं वाटलं. उतरलेले दोन्ही तिनं भंगारवाल्याच्या पोत्यात टाकले. राहिलेल्याला दुसऱ्यांदा मलम लावलं, बक्कल फडक्यानं घासून लखलखीत केली आणि तो दाराजवळच्या पहिल्या खुंटीवर टांगला. आता तो सुंदर दिसत होता, आणि कपड्यांना लागत नव्हता. मालकीणबाईंना दाखवायचा तर हाच दाखवावा, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. पण नवीन आलेल्या अबलख घोड्याला रोज हिंडवावं लागायचं, नाहीतर तो तबेल्याच्या फळ्या मोडायचा. सकाळी नणंद खोलीत आली तेव्हा वहिनी दाराकडे पाठ करून एका लगामाच्या भोकातून काडीनं चिकटा काढत होती. अबोला असल्यामुळे दोघींनी एकमेकींना अतिशय काळजीपूर्वक पाहिलं नाही. खुंटीवरून पट्टा उचलल्याचा आवाज झाला. वहिनीनं कडेच्या कपाटाच्या काचेत बघितलं. नणंदेनं तोच, कालचा, लखलखीत तंग घेतला होता, आणि जाता जाता त्यावरून बोट फिरवून ते हुंगलं होतं. वहिनीला आतून बरं वाटलं. तोंडानं नाही तर नाही, पण नाकानं तरी पावती मिळाली.

उन्हं वर आली तशी ती चांगल्या मनानं कामाला लागली. नाना काठी टेकत आले, नेहमीच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले की अबलख बाहेर गेलेला दिसतो, कुठला तंग लावलाय त्याला, कालचा पहिला की दुसरा?

वहिनी म्हणाली, "ते दोन्ही टाकले ना मी. पोत्यात."

"पोत्यात?"

"भंगारच्या. तुम्हीच म्हणालात उतरले म्हणून."

नाना काही बोलले नाहीत. ते जेव्हा बोलत नसत तेव्हा समोरच्यानं आपली चूक आपण शोधायची असते, असा त्या घरचा नियम होता. पण या खेपेला त्यांच्या भुवया हळूहळू वर जात होत्या, आणि ते तिनं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"उतरलेला तंग," नाना म्हणाले, "तू टाकलास."

"मग? उतरलेलं ठेवतात का?"

"कसोटीला उतरला, म्हणून ठेवतात."

वहिनीच्या हातातली काडी लगामाच्या भोकात तशीच राहिली. कसोटीला उतरणे, अपेक्षेला उतरणे. हे ती शाळेत शिकली होती, वाक्यात उपयोगही केला होता, पैकीच्या पैकी मिळवले होते. तिनं अगदी सावकाश, जणू उत्तर लांबवलं तर ते बदलेल अशा आवाजात विचारलं की मग तिसऱ्याला काय म्हणालात?

"राहिला."

"म्हणजे?"

"म्हणजे राहिला."

"नाना, राहिला म्हणजे वापरायचा की नाही?"

"तू शाळेत कधी राहिली नाहीस?"

"नाही. दरवर्षी पास झाले."

"तरीच," नाना म्हणाले. आणि मग, कदाचित तिचा श्वास ऐकून, त्यांनी विचारलं, "का? कुठाय तो?"

भीती वाटली की पोटात गोळा येतो म्हणतात. वहिनीच्या पोटात गोळा आला नाही. पोटाभोवती कुणीतरी पट्टा आवळला, एक भोक, मग आणखी एक भोक, आणि गुडघा लावून तिसरं. तिनं नानांना उत्तर दिलं नाही. ती टेबलाकडे धावली आणि नणंदेला फोन लावला. तो तिच्याच समोर, टेबलाच्या खणात, वाजला. फोनच्या आवाजानं घोडा बुजतो, असं सांगून नणंद रोज तो खणात ठेवून जायची. वहिनीनं खण उघडला. फोनवर तिचंच नाव दिसत होतं, आणि नावाच्या आधी एक रागावलेला चेहरा होता. तो कालच लावलेला असावा.

तिनं पोतं पालथं केलं, पहिला तंग उचलून खांद्यावर टाकला आणि अंगणात धावली. मोतद्दार घमेलं धूत होता. त्यानं सांगितलं की ताई बंधाऱ्यावर गेल्यात. मग घमेल्यातलं पाणी ओतता ओतता, हवापाण्याच्या गोष्टी कराव्यात तसं म्हणाला की आज अबलखला खंदकावरून उडवून बघणार आहेत.

वहिनीनं त्याचीच सायकल घेतली. विचारलं नाही. मोतद्दारानं तिच्याकडे पाहिलं, खांद्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि कालची बादली त्याला आठवली असावी, कारण तो दोन पावलं मागे सरला.

बंधाऱ्याकडचा रस्ता चढाचा होता आणि सायकलची साखळी कोरडी ठणठणीत होती. तेल सगळं चामड्यात गेलं होतं. ती पायडल मारत होती आणि डोळ्यांपुढे तंग दिसत होता, जसा तिनं स्वतःच्या हातानं, मायेनं, आरशासारखा केला होता. घोडा उडी घेताना छाती फुगवतो, अंग ताणतो; सगळा ताण तेव्हा त्या शिवणीवर येतो. ती शिवण तिनं टूथब्रशनं घासली होती. लांबी खरवडून काढली होती. त्या घाणीनंच तर ते टाके एकमेकांना धरून नव्हते ना? मलम दोनदा लावलं होतं. दुसऱ्यांदा कशाला लावलं? शोभेला.

मग दुसरी भीती आली. ती पहिलीपेक्षा हलकी होती आणि म्हणूनच जास्त लाजिरवाणी. तोंडघशी पडाल, असं ती म्हणाली होती. मोतद्दारानं ऐकलं होतं. त्यानंतर तिनं तंग धुतले, चांगले दोन भंगारात टाकले, आणि कुजलेला एकच एक, लखलखीत करून, नणंदेच्या हाताशी टांगला. हे सगळं कोणी ओळीनं सांगितलं तर तिचा स्वतःचासुद्धा स्वतःवर विश्वास बसला नसता. नवरा फेरीवरून येईल आणि काही बोलणार नाही. तो कधीच काही बोलत नसे. पण या वेळचं ते न बोलणं जन्मभर पुरेल. आणि नाना पुन्हा कधी कुठल्या पट्ट्याला हात लावणार नाहीत. इथवर विचार आला आणि तिला आठवलं की तिकडे नणंद अजून घोड्यावर आहे, आणि आपण मात्र लोक काय म्हणतील ते ठरवत बसलोय. तिनं स्वतःला एक शिवी दिली आणि पायडलवर उभी राहिली.

बंधाऱ्याच्या कडेला झाडी संपली आणि ती दिसली. अबलख खालच्या सपाटीवर गोल गोल दुडक्या चालीनं फिरत होता. पलीकडे खंदक होता, खंदकाच्या तोंडाशी फोडलेल्या दगडांचा ढीग. नणंद ताठ बसली होती. खोगीर सरळ होतं. एवढ्या लांबून ते सरळच दिसणार होतं. तंग पोटाखाली असतो.

ओरडावं तर घोडा बुजेल. न ओरडावं तर उडी होईल. वहिनी सायकल टाकून उताराला लागली, आणि ओरडण्याऐवजी तिनं खांद्यावरचा तंग काढून डोक्यावर धरून हलवला. हा चांगला तंग आहे, असं तिला सुचवायचं होतं. लांबून मात्र एक बाई पट्टा उगारून चालून येतेय एवढंच दिसलं. नणंदेनं पाहिलं, मान फिरवली आणि घोड्याचं तोंड खंदकाकडे वळवलं.

"वन्सं, थांबा!" वहिनी ओरडली.

ते शब्द तोंडातून निघतानाच ती चूक तिला कळली. 'वन्सं' म्हणजे लढाई, आणि 'थांबा' हे तर कोणताही शत्रू म्हणेल. नणंदेनं टाचा लावल्या. अबलखची चाल बदलली, खुरांचा आवाज तुटक होता तो सलग झाला, मातीची ढेकळं मागे उडू लागली. वहिनीच्या छातीत हवा उरली नव्हती. तंगाबद्दल, भंगाराबद्दल, खाणावळीबद्दल काहीही सांगायला वेळ नव्हता. कुठलंही वाक्य खंदकापेक्षा लांब होतं.

"अगं, राहिला!" ती किंचाळली. "तो राहिला गं! नाना म्हणाले, राहिला!"

तो शब्द नणंदेनं पाळण्यात ऐकला होता. तिच्या बापानं तिच्यासमोर राहिला म्हटलेला कुठलाही पट्टा त्या घरानं पुन्हा घोड्याला लावला नव्हता. वहिनीला इतक्या लांबून तिचा चेहरा दिसला नाही, पाठ दिसली, आणि त्या पाठीला शब्द कळल्याचं दिसलं. तिनं लगाम खेचला नाही. खेचला असता तर घोडा मागच्या पायांवर बसला असता आणि मग जे तुटायचं ते तुटलंच असतं. ती एकदम हलकी झाली, जणू खोगिरावर बसलीच नाही, नुसती टेकलीये. दोन्ही पाय रिकिबींतून बाहेर आले. घोडा तसाच पुढे, खंदकाच्या अगदी काठापर्यंत गेला, दगडांच्या ढिगाला घासून एक मोठं, सावकाश वळण घेत वळला, आणि त्या सगळ्या वळणभर वहिनी जागच्या जागी उभी राहून मनात एकच गोष्ट म्हणत होती, उतर, उतर, उतर.

अबलख चालीवर आला. नणंद घसरून खाली उतरली. पाय जमिनीला लागल्यावर तिनं घोड्याच्या मानेला घट्ट धरून ठेवलं. पण त्यात माया नव्हती, आधार होता. 

वहिनी पोचली तेव्हा दोघींनी वाकून पोटाखाली पाहिलं. बक्कलजवळचं चामडं ओढलेल्या रबरासारखं लांब झालं होतं आणि दोऱ्याची टोकं बाहेर येऊन हलत होती. किती टाके शिल्लक होते ते मोजायची दोघींपैकी एकीचीही छाती झाली नाही.

"काल का नाही सांगितलंस?" नणंदेनं विचारलं.

"बोलत नव्हतो आपण."

"आणि आज सकाळी?"

"तेव्हापण."

नणंदेनं त्यातला एक दोरा बोटानं आत सारला. मग म्हणाली, "तू म्हणाली होतीस, मी पडणार."

"तोंडघशी म्हणाले होते."

"घोड्यावरून माणूस तोंडावरच पडतो, वहिनी."

 मग वहिनीनं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. माहेरची पातेली, वडिलांचं हुंगणं, उतरलेली भाजी, राहिलेली भाजी. नणंदेनं मध्ये अडवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं की म्हणजे तुमच्याकडे जेवायला येणाऱ्यांना राहिलेलं वाढायचे? वहिनी म्हणाली, हो. "मग तरी बरं, इथे राहिलेलं मला एकटीलाच वाढलंस," नणंद म्हणाली, आणि तिला हसू आलं, आणि ते हसू मध्येच फिसकटून भलतंच काही झालं, तेव्हा तिनं घोड्याच्या मानेत तोंड घातलं.

वहिनीनं आणलेला चांगला तंग होता. तो बांधून घोड्यावर बसून परतता आलं असतं. नणंदेनं तो हातात घेतला, दुमडला, ताणला, आणि पुन्हा वहिनीच्या खांद्यावर ठेवला. आज चालत जाऊ, म्हणाली. मग एकीनं घोडा धरला, एकीनं सायकल, आणि सगळा उतार दोघी पायी आल्या. मोतद्दारानं फाटकातून दोघींना एकत्र, धडधाकट, येताना पाहिलं आणि आधी सायकल तपासली.

नाना खोलीत तसेच बसून होते. काठी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती आणि ती जमिनीवर टकटक वाजत होती. ती ते वाजवत नव्हते. त्यांनी विचारलं, "उतरली का?"

दोघी म्हणाल्या, उतरली. काठी थांबली.

पुढे काय करायचं, ते नणंदेनं सांगितलं नाही की वहिनीनं सुचवलं नाही. दोघी नुसत्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांना खुंट्या दिसल्या. भिंतभर पट्टे, काळे, तुकतुकीत, मऊ. त्यांतल्या प्रत्येकावर कालपर्यंत कोणीतरी बसत होतं. पांढऱ्या विजारीच्या बाई बसत होत्या. सुट्टीत शेजारच्या शाळेची मुलं यायची, ती बसत होती आणि त्यांचे आईबाप कठड्याबाहेरून फोटो काढत होते. वहिनीनं नानांना विनवलं की निदान शब्द तरी बदला. वापरायचा असेल तर 'हो' म्हणा, नसेल तर 'नाही'. नाना म्हणाले की शब्द बदलायला मी काय पुढारी आहे का?

मग त्या दोघींनी बसून धुवायला घेतलं. कोमट पाणी, पिळलेलं फडकं, साबण, टूथब्रश. एकेक पट्टा पंख्याखाली सुकला की नाना त्याला दुमडून, ऐकून, आपला शब्द टाकत. वहिनी तो शब्द ऐकायची, मान डोलवायची, आणि तरीही तो पट्टा छताच्या तुळईवरून टाकून, दोन्ही हातांनी धरून, त्याला लटकायची. पाय जमिनीवरून उचलायची. पोटाभोवतीचा तो मघाचा तंग प्रत्येक वेळी आवळला जायचा. नणंद खाली दोन्ही हात पसरून उभी असायची. एक रिकिबीचा पट्टा, नाना "राहिला" म्हणाले होते तो, लटकताक्षणी कागदासारखा फाटला आणि वहिनी नणंदेच्या अंगावर कोसळली. दोघी जमिनीवर बसून त्या तुकड्यांकडे बघत राहिल्या. तो शेजारच्या शाळेची मुलं बसायची त्या खोगिराचा होता, हे दोघींना माहीत होतं. 

त्यानंतरच्या पट्ट्याला हात घालताना वहिनीचे तळवे ओले झाले होते. तिनं ते पदराला पुसले, पट्टा तुळईवरून टाकला, डोळे मिटले आणि पाय उचलले.

"धर गं मला."

"धरलंय."

तुळई करकरली. चामडं ताणलं जाऊन एकदाच, खोलवर, कुरकुरलं. खुर्चीत मान एका बाजूला करून नाना ऐकत होते. बराच वेळ त्यांनी काही म्हटलं नाही, आणि तेवढा वेळ वहिनी अधांतरी होती.

"उतरला," नाना म्हणाले.

वहिनीनं डोळे उघडले नाहीत. "म्हणजे?"

नणंदेनं तिच्या कमरेभोवतीची मिठी आणखी घट्ट केली. "म्हणजे आता उतर."